ऑक्टोबरात सायकलवर पुरंदरला जाऊन थेट बागेतून सीताफळं आणायचीयत, रूट आणि बाकी मदत हवी

हडपसरची_सायकल

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय इथे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही हडपसरला राहतो. मी, नवरा आणि १४ वर्षांची लेक. तिघांकडे गियरच्या सायकली आहेत, साध्याच, पण नीट मेंटेन केलेल्या. पावसाळ्याआधी आम्ही दर रविवारी ३०-३५ किलोमीटर करत होतो, थेऊर, लोणी, कधी कवडीपाट पक्षी बघायला. आता पाऊस सरतोय, आणि माझ्या डोक्यात गेल्या वर्षीपासून एक गोष्ट घोळतेय ती यंदा करायचीच आहे.

माझे बाबा सासवडला नोकरीला होते, मी लहान असताना. रोज यष्टीने जाऊन येऊन. दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसात ते आठवड्यातून एकदा तरी करंडी घेऊन यायचे, वर गवत, आत सीताफळं, आणि ती करंडी आई तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायची आणि आम्ही भावंडं रोज शाळेतून आलो की एकेक फळ दाबून बघायचो. आता ते दिवे घाटातून जाणं बाबांना झेपत नाही, त्यांना ७८ वर्षं आहेत. बाजारातून आणलेली सीताफळं त्यांना आवडत नाहीत असं नाही, पण खाताना ते दर वेळी विचारतात की कुठल्या गावची आहेत, आणि आमच्याकडे उत्तर नसतं. मला एकदा तरी उत्तर द्यायचंय.

तर प्रश्न असे:

हडपसरहून सासवडच्या बाजूला सायकलने जायला कुठला रस्ता बरा? दिवे घाटाची मला खरंच भीती वाटते, रुंदीकरणाचं काम आणि ट्रक, आणि बरोबर मुलगी आहे. दुसरं, बागेत जाऊन थेट घेता येतात का, की कुणी ओळखीचं लागतं? असंच बांधावर जाऊन उभं राहून विचारलं तर चालतं का, की ते लोकांना उगाच त्रास दिल्यासारखं होईल? आणि तिसरं म्हणजे सीताफळासारखं नाजूक फळ सायकलवर आणायचं कसं, घरी येईपर्यंत लगदा नको व्हायला.

ज्यांनी असं केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

---

बोपदेव_दर_रविवारी

ताई, आधी एक सांगतो, दिवे घाट डोक्यातून काढून टाका. मी १२ वर्षं पुण्यात सायकल चालवतोय आणि सध्या त्या रस्त्यावर मी स्वतः जात नाही, मुलीला घेऊन तर नकोच. पालखीच्या दिवसात चालत जायला तो घाट सुंदर आहे, मस्तानी तलाव खाली दिसतो, वर विठ्ठलाची मूर्ती, सगळं खरं, पण सायकलला बाजूला जागा उरत नाही.

तुम्ही बोपदेव घाटाने जा. हडपसरहून महंमदवाडी, उंड्री, पिसोळी करत येवलेवाडीला बाहेर पडता येतं आणि तिथून घाट सुरू. चढ आहे, खोटं नाही बोलणार, दोनतीन वळणं अशी आहेत की तिथे श्वास लागतो आणि पहिल्या वेळी बहुतेक लोक उतरून ढकलतात. ढकला बिनधास्त. पुण्यातले निम्मे सायकलवाले त्याच घाटात चढ शिकलेत, कुणी वळून बघत नाही. उलट रविवारी सकाळी वरून खाली येणारा प्रत्येक जण हात करतो.

फक्त उजाडल्याशिवाय घाटात शिरू नका. ऑक्टोबरात साडेसहाच्या आसपास सूर्य उगवतो, तेव्हा तुम्ही येवलेवाडीत असाल असं निघा. त्यापेक्षा उशीर केलात तर येताना ऊन खाईल, ऑक्टोबरचं ऊन मे महिन्यासारखं कोरडं नसतं, दमट असतं, पाणी किती प्यायलो ते कळत नाही आणि मग घरी आल्यावर डोकं ठणकतं. प्रत्येकी दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर-लिंबू.

घाट चढून वर आलात की खरी मजा चालू होते. भिवरी, बोपगाव, चांबळी, हिवरे अशी गावं लागत जातात, रस्ता वर-खाली वर-खाली, एका बाजूला कानिफनाथाचा डोंगर, लांबवर पुरंदर आणि वज्रगड जोडीने. ह्या दिवसात माळावर सोनकी अजून थोडी शिल्लक असते, गवत वरून पिवळं पडायला लागलेलं पण बुडाशी हिरवं, आणि दसऱ्याच्या आधी गेलात तर झेंडूचे प्लॉट बघाल, केशरी आणि पिवळे शेजारी शेजारी. वाटाण्याचा शेवटचा तोडा चालू असतो. सासवडचा वाटाणा तुम्ही बाजारात नाव घेऊन विकताना ऐकला असेलच, तो इथला, पावसावरचा. पहाटे तोडलेला वाटाणा शेंगेतून सोलून तसाच खाऊन बघा, त्या मुलीला नक्की खायला द्या.

सासवड गावात शिरायची गरज नाही पण वेळ असेल तर संगमेश्वराच्या घाटावर बसा अर्धा तास, कऱ्हेत पाणी असतं ह्या दिवसात. आणि तुमच्या बाबांना कदाचित आवडेल म्हणून सांगतो, आचार्य अत्र्यांचं जन्मगाव कोडीत तिथून जवळच आहे, तोही रस्ता शांत आहे.

जाऊन येऊन तुम्हाला साधारण ५५ ते ६० किलोमीटर पडेल. ३५ ची सवय असेल तर चढासकट हे जास्त आहे, आधी एकदा नुसता बोपदेव चढून परत या, पुढच्या रविवारी पूर्ण करा. घाई करू नका, सीताफळं दिवाळीपर्यंत, पुढेही थोडे दिवस असतात.

---

हडपसरची_सायकल

किती छान लिहिलंय दादा, खूप आभार. ह्या रविवारी नुसता घाट चढून येतो. वाटाण्याचं वाचून लेक आत्ताच तयार झालीय. फळं आणायचं कुणीतरी सांगा ना.

---

कॅरिअरवाला

मी सांगतो, कारण मी ह्यात एकदा पूर्ण फसलेलो आहे. तीन वर्षांपूर्वी पिकत आलेली ६ किलो सीताफळं पाठीवरच्या सॅकमध्ये घालून आणली. घरी उघडली तेव्हा सॅक धुवायला टाकावी लागली आणि बायकोने त्याची बासुंदी केली म्हणून वाया गेलं नाही एवढंच. तेव्हापासून पद्धत ठरवून घेतलीय.

पहिली गोष्ट, पाठीवर काहीच घेऊ नका. पाठ गरम असते, घाम असतो, आणि तुमच्या पाठीचा दाब सतत फळावर. मागे कॅरिअर बसवून घ्या आणि दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे लटकवायच्या पिशव्या, नसतील तर प्लॅस्टिकचा छोटा क्रेट कॅरिअरवर बंजीने, म्हणजे हुकाच्या लवचिक दोरीने, आवळून बांधा. क्रेटच्या तळाला जुनी बेडशीट चार घड्या करून, मग फळं एका थरात, देठ वर, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे, फार तर दोन थर. तिसरा थर लावलात की खालचा गेला.

दुसरी गोष्ट फळ कुठलं निवडायचं. पिकलेलं नाही, तयार झालेलं घ्यायचं. सीताफळाचे डोळे असतात ना, त्या दोन डोळ्यांमधली रेघ हिरवी असेल तर ते अजून कोवळं, ते पिकत नाही नीट, नुसतं चामट होतं. ती रेघ रुंदावून पिवळसर-पांढरट झाली की ते तयार. हाताला दगडासारखं लागायला हवं. असं फळ तीन दिवस कुठेही आपटत नेलंत तरी टिकतं, आणि घरी दोनतीन दिवसांत पिकतं. झाडावरच डोळे फुटलेलं एखादं मिळालं तर तिथेच बांधावर बसून खा, ते आणण्यासाठी नसतंच. आणि कच्चं फळ फ्रिजमध्ये घालू नका, वरून काळं पडतं आणि आत पिकायचं थांबतं. तुमच्या आईची तांदळाच्या डब्याशेजारची जागा एकदम बरोबर होती.

डोळ्यांच्या खाचांत पांढरं कापसासारखं दिसलं तर घाबरू नका, पिठ्या ढेकूण असतो तो, ओल्या फडक्याने पुसलं की जातो. कमी फवारणीच्या बागेत हे दिसणारच, मी तर ते बघून जास्त खात्रीने घेतो.

अजून एक, हे फार लोक विसरतात. पुरंदर वर आहे आणि पुणे खाली. म्हणजे जाताना रिकाम्या सायकलने चढ आणि येताना भरलेल्या सायकलने उतार. ऐकायला बरं वाटतं, पण मागे १० किलो असताना बोपदेव उतरणं वेगळं असतं, सायकल थांबायला जास्त अंतर घेते. निघायच्या आदल्या दिवशी ब्रेकचे पॅड बघा, गुळगुळीत झाले असतील तर बदला, फार पैसे नाही लागत. उतरताना ब्रेक धरून ठेवू नका, रिम तापते, थोडा दाबा, सोडा, थोडा दाबा, सोडा. मुलीच्या सायकलवर वजन अजिबात देऊ नका. आणि शेताच्या पायवाटेवर बाभळीचे काटे असतात, शेवटचे ५० मीटर सायकल उचलून न्या, दोन ट्यूब जवळ ठेवा.

---

पुरंदरी_मळा

ताई रामराम. मी तिकडचाच, सासवडच्या पूर्वेला आमचं गाव, दीड एकर सीताफळ आणि पाऊण एकर अंजीर. तुम्ही विचारलंत की बांधावर येऊन उभं राहिलेलं चालतं का, हे कुणी विचारत नाही म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

चालतं. पण आमची वेळ बघून या. तोडा पहाटे चालू होतो आणि गाडीत माल भरेपर्यंत घरातला एकही माणूस मोकळा नसतो. साडेआठ-नऊनंतर आलात तर चहा पण मिळंल आणि बागेत फिरवून पण आणू. रस्त्यावरून हाक मारा, "कुणी आहे का" म्हणा, आत शिरू नका, कुत्री असतात आणि शिवाय नुकती फवारणी झालेली असली तर आम्हालाच तुम्हाला आत घ्यायचं नसतं. झाडाचं फळ स्वतः तोडू नका, लेकराला तोडायचं असंल तर आम्ही दाखवू कुठलं, देठ कसा कापायचा ते पण. ओढून तोडलं तर फळाच्या डोक्याला भोक पडतं आणि ते दोन दिवसांत खराब.

भावाचं सांगतो. मार्केटला माल धाडला की संध्याकाळी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येते. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई, क्रेटचं, सगळं वजा जाऊन जे उरतं ते आमचं. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातनं बाहेर आला, तेव्हापासनं आम्ही कुणालाही थेट विकू शकतो, पण थेट घेणारा आमच्यापर्यंत येतो किती? रोजचा ३० क्रेट माल बांधावर खपत नाही. त्यामुळं मार्केट सोडता येत नाही. तरी सांगतो, रविवारी तुमच्यासारखी आठदहा माणसं आली आणि प्रत्येकानं ४-५ किलो नेलं तर त्या दिवसाच्या मजुरीचे पैसे हातात रोख येतात, आणि ते पैसे पट्टीची वाट न बघता येतात, ह्याचा फरक घरात पडतो.

म्हणून विनंती एकच, घासाघीस करू नका. तुम्ही शहरात ज्या भावानं घेता त्याच्यापेक्षा थोडं कमी आणि आम्हाला मार्केटला मिळतं त्याच्यापेक्षा थोडं जास्त, असा भाव आम्ही सांगतो. त्यात दोघांचं भलं आहे. गेल्या वर्षी एका ग्रुपनं २५ जण येऊन बागेत दोन तास फोटो काढले, लेकरांनी कच्ची फळं तोडली आणि शेवटी दोन किलो घेतलं तेही भाव पाडून. माझ्या आईला वाईट वाटलं, ती दोन दिवस बोलत होती त्यावर. तिनं त्या सगळ्यांना पाणी दिलं होतं.

मालाबद्दल. आमच्याकडं जास्त करून फुले पुरंदर आहे, ही जात इथल्याच जाधववाडीच्या संशोधन केंद्रातनं आलेली, फळ मोठं, गर जास्त, बी कमी. काही जुनी गावरान झाडं बांधावर आहेत, फळ लहान, बिया भरपूर, पण गोडी आणि वास वेगळाच. तुमचे वडील ज्या काळाचं म्हणतायत तेव्हा गावरानच असणार सगळं. आलात तर बांधावरच्या झाडाची दोन-चार वेगळी बांधून देऊ, त्यांना आधी ती द्या.

अंजिराला आत्ता येऊ नका, आत्ता मिळणार नाही. खट्टा बहाराचं डिसेंबर-जानेवारीत चालू होतं, मीठा बहाराचं मार्चपासनं. पण अंजीर सायकलवर न्यायचं असंल तर फार जपून, ते पहाटे तोडून अंजिराच्याच पानात पाटीत लावतात आणि त्याच दिवशी खायचं असतं. आमच्या अंजिराला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या वर्षी गावात पेढे वाटले होते.

शेवटची गोष्ट, ही सांगायची का नाही विचार करत होतो. पुरंदरच्या नव्या विमानतळासाठी जमीन घ्यायच्या यादीत सात गावं आहेत, पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी, वनपुरी. आमचं गाव त्यात नाही, पण बहिणीचं सासर आहे. तिच्या बागेतली झाडं तिच्या सासऱ्यानं लावलेली, २२ वर्षांची. ह्या ऑक्टोबरला बागा हायत. ज्यांना बघायच्यात त्यांनी पुढच्या वर्षावर ढकलू नये असं मला वाटतं.

---

उत्रेख्तकर

मी मूळची पुण्याची, नेदरलँडमध्ये ९ वर्षं. पुरंदरी_मळा दादा, तुमचं वाचून गळा दाटून आला. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

इकडे आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अगदी हेच करतो म्हणून लिहितेय. इकडे शेतावरच्या दुकानाला बूर्डराइविंकल म्हणतात, आणि कितीतरी ठिकाणी दुकान पण नसतं, फाटकाशी नुसतं एक लाकडी कपाट, त्यात भोपळे, नासपती, अंडी, आणि एक पैशाचा डबा. माणूस कुणी नाही. तुम्ही भोपळा उचलायचा, डब्यात पैसे टाकायचे, जायचं. आता बऱ्याच जणांनी क्यूआर कोड लावलाय. पहिल्या वर्षी मी तिथे पाच मिनिटं उभी राहिले होते, वाटलं कुणाला तरी विचारल्याशिवाय कसं घ्यायचं.

रस्ता शोधायला इकडे एक फार सोपी सोय आहे, गावोगावच्या सायकल रस्त्यांच्या फाट्यांना आकडे दिलेत. घरी बसून कागदावर लिहून घ्यायचं, २३, मग ४१, मग ६७, आणि पाटी बघत जायचं. ही पद्धत शेजारच्या बेल्जियममधून आली, लिम्बुर्ग भागात १९९५ साली सुरू झाली आणि ती काढणारा माणूस खाणीत इंजिनिअर होता, खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांना आकडे असतात त्यावरून त्याला सुचलं. मला नेहमी वाटतं की सासवडच्या आजूबाजूच्या ह्या आतल्या रस्त्यांना कुणी असे साधे आकडे रंगवले तर किती लोक बोपदेव चढून पुढे जातील, आत्ता सगळे घाट चढतात, फोटो काढतात आणि माघारी फिरतात. खर्च तरी काय, रंगाचा डबा आणि गावांची संमती.

पण एक गोष्ट इथे मिळत नाही. त्या कपाटापाशी माणूस नसतो. चव तीच, ताजेपणा तोच, पण ९ वर्षांत मी ज्यांचे भोपळे खाल्ले त्यांच्यापैकी दोनच जणांशी बोललेय. ताई, तुम्हाला चहा मिळणार आहे, तो नक्की प्या.

---

काकवी_पोळी

थोडं अवांतर पण ह्याच सीझनचं. हडपसरकरांना अजून एक दिशा आहे ती म्हणजे यवतची. सोलापूर हायवेने सायकलवर नका जाऊ, गाडीवर सायकली टाकून यवतपर्यंत जा आणि तिथून आत फिरा. दौंड तालुक्यात यवत-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं आहेत, आणि नवीन ऊस आला की लांबूनच वास येतो, तो वास सायकलवरच येतो, गाडीच्या काचा बंद असतात.

लेकीला गुऱ्हाळ दाखवाच. रस काहिलीत येतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं घालत असतात, म्हणजे उसानेच उसाचा रस आटवायचा. रसावर मळी येते ती काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात काही ठिकाणी, अजूनही. विचारून घ्या, कारण सगळीकडे तसं करत नाहीत, पावडरी पण वापरतात, आणि गूळ फार पिवळाधमक दिसला तर मी घेत नाही, तपकिरी, जरा गडद असतो तो घेते. शेवटी काहील ओतायच्या आधी एक क्षण असतो, तेव्हा काकवी काढतात. स्टीलची बाटली घेऊन जा, घट्ट झाकणाची, प्लॅस्टिकमध्ये गरम काकवी घेऊ नका.

तिथूनच भुलेश्वरच्या जुन्या देवळाला चढून जाता येतं, पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसच्या डोंगरावर, कोरीव काम बघून मुलीला आवडेल. चढ तीव्र आहे पण छोटा. काकवीची बाटली येताना घ्या, जाताना नको, मी जाताना घेतली होती आणि अर्धा लिटर काकवी अख्खा डोंगर चढवली आणि उतरवली.

---

हडपसरची_सायकल

जाऊन आलो!!! काल. इतक्या सगळ्यांनी मनापासून सांगितलं होतं म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या रविवारी नुसता घाट केला, मी दोनदा उतरले, लेक एकदाच, नवरा तीनदा. काल पावणेसहाला निघालो, येवलेवाडीत उजाडलं, काल मी एकदाच उतरले. वर गेल्यावर धुकं होतं, पातळ, फक्त खोलगट भागात साचलेलं, आणि पुरंदरचा माथा त्याच्या वर तरंगल्यासारखा. चांबळीच्या पुढे एका मावशींनी रस्त्याकडेला वाटाण्याच्या शेंगांचं पोतं मांडलं होतं, लेकीने तिथेच उभ्या उभ्या एक ओंजळ संपवली आणि मावशींनी त्याचे पैसे घेतले नाहीत, मग आम्ही दोन किलो घेतला.

पुरंदरी_मळा दादांना मी इथूनच निरोप पाठवला होता. नऊ वाजता पोचलो. त्यांच्या आईंनी चहा दिला, आणि चहाबरोबर बाजरीची भाकरी आणि वाटाण्याचीच उसळ, नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. दादांनी लेकीला देठ कापायला शिकवलं, तिने ११ फळं स्वतः काढली, डोळ्यांमधली रेघ बघून, दोन चुकली ती त्यांनी समजावून बाजूला ठेवली. भाव त्यांनी सांगितला तोच दिला. ८ किलो घेतली, क्रेटमध्ये दोन थर, बेडशीट, बोळे, सगळं सांगितल्याप्रमाणे. अंजिराच्या बागेत पण नेलं, पानाचा चीक हाताला लागला तर खाज येते हे लेकीला तिथे कळलं.

उतारावर जरा घाबरले होते, मागून सायकल ढकलते आहे असं वाटतं, पण दाबा-सोडा करत आलो. पाऊण वाजला घरी यायला, ऊन लागलंच, पुढच्या वेळी अजून लवकर निघू. एकही फळ फुटलं नाही.

बांधावरच्या गावरान झाडाची पाच फळं त्यांच्या आईंनी वेगळ्या फडक्यात बांधून दिली होती, त्यातलं एक झाडावरच डोळे फुटलेलं, खरं तर ते तिथेच खायचं होतं पण मी हँडलच्या पिशवीत, वाटाण्याच्या शेंगांवर ठेवून आणलं. संध्याकाळी बाबांकडे गेलो. त्यांनी ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि नेहमीसारखं विचारलं, कुठल्या गावचं. मी गाव सांगितलं, घर सांगितलं, रस्त्याच्या कुठल्या बाजूला झाड आहे ते सांगितलं. ते म्हणाले तिथे पूर्वी विहिरीपाशी चिंच होती. मला माहीत नव्हतं.

दादा, चिंच आहे का अजून? पुढच्या रविवारी येतोय, बाबांना गाडीतून आणतो, आम्ही तिघं सायकलवर.

---

पुरंदरी_मळा

हाय की. चिंच हाय, विहीर बुजवली. या, आई विचारत होती कालच्या पोरीला परत कधी आणणार.